यंदाचा वाटपट

एकदा एका चिताऱ्याने शेजारच्या भांडखोर मुलांना गप्प बसवण्यासाठी कापडावर एक खेळ रचला. जाड कापडाला चिंचोक्याची खळ दिली, त्यावर शहाण्णव घरे आखली आणि गावाच्या वेशीपासून डोंगरावरच्या देवळापर्यंत जाणारी एक वाट रंगवली. वाटेत एक नदी होती, एक धर्मशाळा होती आणि एक वाघ होता. सहा कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जायचे. नदीवर एक दान थांबायचे, आणि सोंगटी वाघाच्या घरात पडली की पुन्हा वेशीपाशी. इतकाच तो खेळ. लोक त्याला वाटपट म्हणू लागले.

चितारी तेव्हाच उतारवयाला लागला होता. गाव त्याला आबा म्हणे. चैत्रातल्या जत्रेत एका व्यापाऱ्याने तो पट पाहिला, तसे आणखी करवून घेतले आणि आपल्या कापडी पालात मांडले. दोन दिवसांत सगळे संपले. पुढच्या वर्षी जत्रेच्या महिनाभर आधी व्यापारी पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, यंदा काय नवीन?"

तेव्हापासून दर वर्षी नवा वाटपट निघू लागला. दुसऱ्या साली चोर आले. तिसऱ्या साली नदीवर पूल आला. पुढे कवड्या सहाच्या सात झाल्या, मग आठ. ज्यांच्या घरी सहा कवड्यांचा पट होता त्यांची मुले आठ कवड्यांच्या घरी जाऊन गोंधळून परत येत आणि नवा पट हवा म्हणून हट्ट धरीत. व्यापारी पालाबाहेर उभा राहून ओरडे, "यंदाचा वाटपट! गेल्या सालचा विसरा!" आणि लोक खरोखरच विसरत.

चौथ्या सालापासून आबांचा हात कापू लागला. तेव्हा त्यांची शिष्या मथुरा हिने कुंचला हाती घेतला. मथुरा लहानपणापासून त्यांच्याकडे शिकत होती. ती फारसे बोलत नसे, पण तिची रेघ स्वच्छ होती. त्यानंतरचे पाच सालांचे पाच पट तिचे. प्रत्येक पटाच्या कोपऱ्यात साल दाखवणारे ठिपके असत. चार ठिपक्यांपासून आठ ठिपक्यांपर्यंतचे सारे तिच्या हातचे.

गेल्या जत्रेत मात्र पहिल्यांदाच व्यापारी एक गठ्ठा परत घेऊन आला होता. तो रागावला नाही. गठ्ठा पडवीत ठेवून एवढेच म्हणाला, "मथुरा, बदल कमी पडला. यंदा काहीतरी दणदणीत कर."

त्या दिवसापासून मथुरेच्या मनाला स्वस्थता नव्हती. जेवताना तिला हत्ती सुचे, विहिरीवर दुसरी नदी सुचे, आणि सुचलेले सगळे संध्याकाळपर्यंत शिळे वाटू लागे. लोकांना कंटाळा आला असेल तर? वाटपट संपला तर? तिला दुसरे काही येत नव्हते. त्याहून एक लहानशी, कुणालाही न सांगितलेली काळजी तिच्या मनात होती: पाच वर्षांत तिच्या पटाबद्दल कुणी चांगले किंवा वाईट असे काहीच बोलले नव्हते. पट घेतले जात होते, एवढेच तिला ठाऊक होते.

तरी तिने नववा पट वेळेआधी पुरा केला. नऊ कवड्या, तीन नद्या, एक हत्ती, पाच वाघ. तिने तो आबांपुढे पसरला आणि बाजूला उभी राहिली.

आबांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "रेघ सुरेख आहे. गुंडाळून ठेव."

"जत्रेला पाठवायचा ना?"

"नको. यंदा आपणच पाल लावू. पण विकायचे काही नाही. रंग घे, खळ घे, सुई-दोरा घे. ज्याचा वाटपट फाटला असेल, झिजला असेल, त्याला नीट करून द्यायचा. ते देतील ते घ्यायचे."

मथुरेला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "पण आबा, शेटजी काय म्हणतील?"

शेटजी काय म्हणतात ते दुसऱ्याच दिवशी कळले. व्यापाऱ्याने आधी आबांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाही," तो म्हणाला. "मग हे काय काढलंत? पट दुरुस्त करायचे? लोकांचे जुने पट टिकले तर नवे घेणार कोण?"

"तेच बघायचंय," आबा म्हणाले.

"आबा, मी तुमचं वाईट चिंतत नाही. पण लोकांची आठवण एका जत्रेपासून दुसऱ्या जत्रेपर्यंत पुरते. एक साल चुकलं की वाटपटाचं नाव कुणी घेणार नाही. पलीकडच्या गावात एक चितारी किल्लापट काढतो. मला पाल रिकामं ठेवता येत नाही. मी त्याच्याकडे जाईन, मग मला बोल लावू नका."

"नाही लावणार."

व्यापारी मथुरेकडे वळला. "तू तरी समजाव यांना. हात तुझा आहे, पोट तुझं आहे."

 व्यापारी गेल्यावर मथुरेने विचारले, "आबा, असं का करताय?"

"पाल लागू दे," आबा म्हणाले. "मग बोलू."

जत्रा लागली. आबांचे पाल आणि व्यापाऱ्याचे पाल समोरासमोर आले. व्यापाऱ्याच्या पालावर तांबडे निशाण होते आणि तो घसा फोडून ओरडत होता, "यंदाचा किल्लापट!" त्याच्यापुढे लोकांची दाटी होती. मथुरा रंगांच्या वाट्या मांडून बसली. दुपारपर्यंत तिने त्या तीन वेळा पुसल्या.

एक गृहस्थ थांबला. "काय बाई, माल संपला का?"

"विकत नाही. वाटपट दुरुस्त करतो."

"पट काय मोडतो होय?" तो हसला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "उद्या पतंगाला ठिगळ लावून देतील." दोघे समोरच्या पालात गेले. मथुरेचे कान तापले. आबा पाठीमागे खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. ते झोपले आहेत की जागे, हे तिला कळेना, आणि दोन्हींपैकी कशाचा अधिक राग येतो आहे हेही कळेना.

पहिल्या दिवशी कुणीही आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नावाडी आला. त्याच्या काखेत एक मळकी गुंडाळी होती. ती उलगडल्यावर मथुरेने सवयीने आधी कोपरा पाहिला. एकच ठिपका होता. पहिल्या सालचा, आबांच्या हातचा पट. कडा दशांसारख्या सुटल्या होत्या, देवळाचा कळस पुसून गेला होता आणि नदीच्या जागी चक्क भोक पडले होते.

"नदीला भोक कसं पडलं?" तिने विचारले.

"ठोकून ठोकून," नावाडी म्हणाला. "आमच्याकडे नावाड्याला नदी लागत नाही. माझी सोंगटी आली की मी ठोकून सांगतो, नाव लागली. पोरं म्हणतात ही लबाडी आहे. मी म्हणतो, मग तुम्ही चालवा नाव." त्याने बोटाने भोकाची कड दाबली. "बुजवा, पण इथे एक नाव काढा बरं का. माझीच आहे असं दिसू दे."

मथुरेने मागून ठिगळ लावले, खळ दिली, निळा रंग भरला आणि वर एक लहान नाव काढली. नावाड्याने तिचे सुकाणू उजवीकडून डावीकडे करवून घेतले आणि निघून गेला.

त्याने घाटावर सांगितले असावे, कारण तिसऱ्या दिवशी माणसे येऊ लागली. चुन्याच्या भट्टीवरचा एक कामगार आला. त्याच्या पटावर पांढरे डाग इतके होते की वाट शोधावी लागली. एक पंतोजी आले. त्यांनी घराघरात आकडे लिहिले होते आणि त्यावरून मुलांना बेरीज शिकवत होते. एका बाईने पट धुऊन आणला होता आणि रंग गेला म्हणून ती स्वतःवरच रागावली होती. मथुरा मान खाली घालून काम करीत होती. पण प्रत्येक गुंडाळी उलगडताना तिचा जीव कोपऱ्याकडे धाव घेई. एक ठिपका. एक ठिपका. दोन ठिपके. पुन्हा एक.

संध्याकाळपर्यंत चौदा पट आले. अकरा पहिल्या सालचे, तीन दुसऱ्या सालचे. तिच्या हातचा एकही नव्हता.

ती वाट्या धुवायला नदीवर गेली आणि बराच वेळ पाण्यात हात घालून बसली. पाच वर्षे तिने इतके पट रंगवले होते की मोजदाद राहिली नव्हती. ते सगळे गेले कुठे? लोकांनी नीट जपून ठेवले असतील, असे तिने स्वतःला सांगून पाहिले. ते तिला पटले नाही.

चौथ्या दिवशी विणकरांच्या घरच्या दोन जावा आल्या. थोरलीच्या हातात पट होता आणि धाकटी दोन पावले मागून, तोंड फुगवून चालत होती. थोरलीने पट मांडला. कोपऱ्यात आठ ठिपके होते.

मथुरेने घाईने हात पुढे केला. पण पट हाताला लागताच तिला कळले की तो जसाच्या तसा आहे. खळ कडक होती, घडी मोडलेली नव्हती, चिंचोक्याचा वाससुद्धा गेला नव्हता.

"हा तर फाटलेला नाही," ती म्हणाली.

"फाटायला खेळलो कुठे?" थोरली म्हणाली. "दुसऱ्याच डावाला भांडण झालं. वर्षभर कणगीवर झाकण म्हणून पडलाय. काल नावाडी म्हणाला तुम्ही नीट करून देता, म्हणून आणला. हा वाघ बघा. हा कुठल्या घरात आहे?"

"एक्केचाळिसाव्या," मथुरा न पाहताच म्हणाली.

"तेच मी म्हणते," धाकटी मागून म्हणाली. "पण ह्यांची सोंगटी एक्केचाळिसात असली की वाघ बेचाळिसात असतो. माझी बेचाळिसात असली तरी वाघ बेचाळिसातच."

"जबडा बेचाळिसात आहे, म्हणून."

"आणि पोट? वाघ जबड्यानंच राहतो का घरात, जाऊबाई?"

मथुरेने वाकून पाहिले. वाघ दोन घरांच्या मधल्या रेघेवर बसला होता. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तिने दुरुस्तीला आलेला एक ठिपक्याचा पट शेजारी ओढला. त्यावर वाघ एक्केचाळिसाव्या घरात सगळाच्या सगळा मावला होता. शेपटीच्या टोकाला जागा उरली होती.

 मग तिला पट उतरवतानाची आपली घाई आठवली.

पट उतरवण्याची रीत अशी होती. कागदावर चित्राच्या रेघांवरून सुईने बारीक भोके पाडायची. त्याला खाका म्हणत. खाका कापडावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की भोकांतून काळे ठिपके कापडावर उतरत, आणि त्यावरून रेघ ओढायची. आबांचा मूळ खाका माळ्यावरच्या पेटीत होता. तो काढायचा, उलगडायचा, त्यावरून नवा टोचायचा तर पुरा एक दिवस जाई. दर साली जत्रा तोंडावर आलेली असे. म्हणून मथुरा गेल्या सालच्या पटावर कागद ठेवूनच नवा खाका टोचत असे. घरे टोचून चित्रांकडे वळेस्तोवर कागद किंचित सरके. तांदळाच्या दाण्याएवढा. दर साली एक दाणा. पाच सालांत वाघ घर सोडून रेघेवर आला होता.

आणि तिला ते दिसले नव्हते, कारण तिच्या पटावर कुणाला खेळताना तिने कधी पाहिलेच नव्हते. पट पडवीतून बाहेर पडायचा आणि ती पुढच्या सालच्या हत्तीमागे लागायची.

ती उठून आबांपाशी गेली. जावांचे भांडण मागे चाललेच होते.

"आबा," ती हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. माझे पट लोकांनी टाकून दिले. त्यावर खेळताच येत नव्हतं."

आबांनी डोळे उघडले. "तुझी एकटीची नाही. दर साली नवा पट काढणं तिसऱ्या सालीच मला खटकलं होतं. पडवीचं छप्पर गळत होतं, शेटजी कौलं घालून देत होते. मी बोललो नाही."

"मग हे पाल कशासाठी मांडलंत? मला दाखवायला?"

"आपल्या दोघांना दिसावं म्हणून," आबा म्हणाले. "आपण समजत होतो, पट खपला म्हणजे चालला. पण पट घरी पोचला की त्याचं काम तिथून सुरू होतं. माणसं त्याच्यावर हरतात, रुसतात, त्यात आपले नियम घालतात, नदीत आपली नाव सोडतात. मग तो त्यांचा होतो. त्याला एक वर्ष पुरत नाही. वाघ कुठे आहे हे हाताला पाठ होण्याआधीच आपण पट जुना ठरवला आणि नवा पुढे केला. लोक घेत राहिले, कारण शेजाऱ्यानं घेतला. घेण्याची सवय लागली, खेळण्याची सुटली. आणि नुसती घेण्याची सवय असली की माणूस समोरच्या पालातही तितक्याच आनंदानं जातो. बघ तिकडे."

मथुरेने पाहिले नाही. तिला ते चार दिवस दिसतच होते.

"म्हणजे नवा पट काढूच नये?"

"काढावा की. तुझा हत्ती चांगला आहे. पण केव्हा काढायचा हे जत्रेच्या तारखेला विचारू नये. आलेल्या पटांना विचारावं. कुठे झिजलाय, कुठे पुसलाय, लोकांनी काय जास्तीचं काढून घेतलंय. ते सांगतील."

"तोवर आपण तगू?"

 "ठाऊक नाही," आबा म्हणाले. "पाल मांडलं त्या सकाळी मलाही हीच धास्ती होती. तू वाट्या पुसत होतीस, मी डोळे मिटून बसलो होतो. दोघांचं कारण एकच."

मथुरेला हे ऐकून का कोण जाणे थोडा धीर आला. ती परत आली आणि जावांसमोर बसली.

"वाघ रेघेवर गेला ती माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी खोडून नीट काढते. मूळचा तो एक्केचाळिसातला. पण पट तुमचा आहे. तुम्हाला कुठे हवा?"

दोघी एकदम बोलू लागल्या आणि एकदम थांबल्या.

"मूळचा तिथे असेल तर तिथेच राहू दे," थोरली म्हणाली. "हिचंच खरं होऊ दे एकदा."

"पण मग धर्मशाळा अडतिसात," धाकटी बोटाने मोजत म्हणाली. "धर्मशाळेतून निघालेल्याला तीनचं दान पडलं की गेलाच की बिचारा. रात्रभर विसावा घेऊन सकाळी वाघाच्या तोंडात."

"मग धर्मशाळेतल्याला एक दान सोडायची मुभा. आवडलं नाही तर झोपून राहायचं."

"तुम्ही जन्मभर धर्मशाळेतच राहाल, जाऊबाई."

"एकदाच मुभा. दुसऱ्यांदा निघायचं."

मथुरेने हे कधी योजले नव्हते.  मग तिने जुना वाघ ओल्या फडक्याने हलके पुसला, वर खळ दिली, ती सुकू दिली आणि एक्केचाळिसाव्या घरात, चारी पाय आत घेऊन, नवा वाघ बसवला.

"रंग ओला आहे. घरी नेऊन वाळू द्या."

"घरी कशाला?" धाकटीने कमरेच्या पिशवीतून कवड्या काढल्या. "इथेच बघू खरं-खोटं. वाघाच्या घरात सोंगटी पडली तर जरा अधांतरी धरू."

दोघी पालाच्या तोंडाशीच मांडी घालून बसल्या. सोंगट्या नव्हत्या, म्हणून थोरलीने एक सुपारी आणि धाकटीने एक चिंचोका घेतला. मथुरेपुढे अजून तीन पट पडले होते. तिने कुंचला उचलला, आणि मग खाली ठेवला.

ती पाहू लागली. पंचवीस घरे होईस्तोवर दोघी बोलत होत्या. तिसाव्यानंतर बोलणे कमी झाले. धाकटीची सोंगटी छत्तिसावर आली तेव्हा तिच्या पायाची बोटे आखडली. थोरली कवड्या टाकण्याआधी मुठीत दोनदा खुळखुळवत होती. मघा तसे करीत नव्हती. येणारे-जाणारे थांबले. कुणीतरी म्हणाले, "पाच पडू दे, पाच," आणि धाकटीने त्याच्याकडे रागाने पाहिले.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत व्यापारी आला. त्याचा घसा पार बसला होता. थोरलीने तेव्हा धर्मशाळेचे घर गाठले होते आणि निघावे की झोपून राहावे याचा विचार करीत होती.

"मथुरा," तो म्हणाला, "पुढच्या सालचं काय ते आताच सांग. मला कापड आधी घ्यावं लागतं. नाहीतर किल्लापटवाल्याला शब्द देतो."

 पुढचे साल कसे जाईल हे मथुरेला खरोखरच माहीत नव्हते. पडवी, छप्पर, आबांचा कापणारा हात, सगळे एकदम तिच्या डोळ्यांपुढे आले.

"थांबा शेटजी," ती म्हणाली. "यांचा डाव संपू दे."

व्यापारी चकित झाला. त्याने एकवार आपल्या तांबड्या निशाणाकडे पाहिले. मग पटाकडे पाहिले. थोरलीने झोपून राहायचे ठरवले. धाकटीने कवड्या टाकल्या; त्या कापडावर घरंगळल्या आणि एक कवडी कड धरून गरगरत राहिली. सगळे त्या कवडीकडे पाहत होते. ती पडली, तेव्हा कुणीतरी सुस्कारा सोडला.

आठ सालांत शेकडो वाटपट विकलेला तो व्यापारी धोतर आवरून हळूच उकिडवा बसला. थोड्या वेळाने त्याने शेजारच्या माणसाला दबक्या आवाजात विचारले, "आता दान कोणाचं?"